रद्दीवरचे अनवाणी पाय

तात्यांचे किस्से निघाले की आमच्या कारखान्यातली माणसं अजून पोट धरून हसतात. मी उठून जाते. बाई शिष्ट आहेत, असं मागे म्हणतात. म्हणोत. प्रत्येक किस्सा ते जिथे संपवतात त्याच्या पुढे काय झालं हे त्यांना ठाऊक असतं, आणि नेमकं तेवढंच ते सांगत नाहीत. म्हणून मी सांगते. नाव लिहीत नाही. आम्ही कोणी त्यांना नावाने हाक मारलीच नाही. मालकापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचे ते तात्या.

आमचा कारखाना लोणी देवकरला, औद्योगिक वसाहतीत. रद्दीपासून आम्ही खोक्यांचा जाड तपकिरी कागद करतो. इंदापूरचं डाळिंब ज्या खोक्यात बसून परदेशी जातं, ते खोकं कधी काळी बारामतीतल्या एखाद्या पोरीची गणिताची वही असतं. ट्रक येतो, रद्दीचे गठ्ठे यार्डात उतरतात, तारा कापून ते फोडतात आणि पंधरा-वीस बायका त्या ढिगावर बसून निवडायला लागतात. प्लास्टिक बाजूला, पत्रा बाजूला, काच बाजूला. उरलेला कागद फिरत्या पट्ट्यावरून पल्परमध्ये जातो. पल्पर म्हणजे विहिरीएवढा मिक्सर. त्यात पाण्याबरोबर फिरून कागदाचा लगदा होतो. तात्या या यार्डाचे प्रमुख. मी स्टोअर सांभाळते. नट-बोल्टपासून साबणापर्यंत कारखान्यात जे लागतं ते माझ्याकडून जातं. तात्यांबरोबर मी नऊ वर्षं काम केलं.

माणूस हुशार होता, हे आधीच लिहून टाकते. रद्दी विकणारे वजन वाढावं म्हणून गठ्ठ्यांवर पाणी मारतात. बाकीचे कारखाने त्यासाठी मीटर वापरतात. तात्या कोपरापर्यंत हात गठ्ठ्यात घालायचे, बाहेर काढून गालाला लावायचे आणि ओल किती ते सांगायचे. मागाहून मीटर लावलं तर आकडा तोच. कागदाची पट्टी कानाजवळ धरून फाडायचे. "हे उसाच्या चिपाडाचं हाय," म्हणायचे. "ह्याचा आवाज बोदा येतो. लाकडाचा कागद कसा, चर्रकन बोलतो." मूळचे ते सांगवीचे. शाळा चौथीत सुटली. त्यानंतर बारामतीत सायकलवर फिरून घरोघरची रद्दी गोळा करायचे आणि रात्री विकायच्या आधी जेवढी वाचून होईल तेवढी वाचायचे. "माजी पाचवी ते मॅट्रिक समदी रद्दीतच झाली बाई," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. हे ऐकून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला होता. त्या आदराचाच मला पुढे राग आला.

लोक सांगतात त्यातला आवडता किस्सा वह्यांचा. जून महिन्यात शाळांची रद्दी यायची. दुपारच्या सुट्टीत तात्या त्यातली एखादी उत्तरपत्रिका उचलायचे, चष्मा लावायचे आणि मोठ्याने वाचायला लागायचे. मग खिशातून लाल पेन निघायचं.

"मास्तरनं पोरीचा अर्धा मार्क खाल्ला बगा. उत्तर बरोबर हाय की!"

अर्धा मार्क वाढवायचे. बेरीज पुन्हा करायचे. खाली सही.

यार्डातल्या बायकांत वयाने मोठी होती हौसाबाई. तिला राहवायचं नाही. "तात्या, पास झाली का पोरगी?"

"झाली की. बासष्ट."

"मग टाकू का आता पल्परमदी?"

"टाक."

आणि पास झालेली पोरगी पल्परमध्ये जायची. बायका हसायच्या, तात्याही हसायचे. मीसुद्धा हसले आहे.

दुसरा किस्सा लग्नपत्रिकांचा. लग्नसराई संपली की छापखान्यांतल्या उरलेल्या, चुकलेल्या पत्रिका येतात. एका वर्षी अख्खा टेम्पो भरून आल्या. प्रत्येकीवर गणपती. तात्यांनी पट्टा बंद केला.

"गणपतीचा लगदा करायचा व्हय? माझ्या यार्डात न्हाय हुयाचं."

माझ्याकडे कात्र्यांची मागणी आली. वीस कात्र्या, तातडीने. अर्धा दिवस बायका पत्रिकांवरचे गणपती कापत बसल्या. मॅनेजर साहेब काचेच्या केबिनमधून हात नाचवत होते, पल्पर रिकामा फिरत होता. संध्याकाळी तात्यांनी दोन पोती गणपती मोटारसायकलला बांधले आणि भीमेच्या पाण्यात सोडून आले. हा किस्सा सांगताना लोकांच्या डोळ्यांतून पाणी येतं. ज्या टेबलावर त्यांनी त्या कात्र्यांच्या चिठ्ठीवर दोन मिनिटांत सही केली, त्याच टेबलावर माझी दुसरी एक चिठ्ठी आठ दिवस पडून होती. तीही त्याच बायकांसाठी होती. तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

ती चिठ्ठी गमबुटांची होती.

आता चपलांचं सांगते. यार्डाच्या दारावर तात्यांनी पुठ्ठ्याची पाटी लावली होती: "आत विद्या आहे. चपला बाहेर काढाव्यात." अक्षर मोठं सुरेख. दाराबाहेर देवळासारखी चपलांची रांग. कागदाला पाय लागला की हात लावून कपाळाला लावायचा, ही सवय आपल्या सगळ्यांच्या हाडात आहे, माझ्याही आहे. पण आपल्या घरी कागद टेबलावर असतो, पाय जमिनीवर. यार्डात जमीनच कागदाची. तिथे दिवसभर उभं राहायचं, बसायचं, गठ्ठे ओढायचे ते कागदावर. मग तात्यांनी तोड काढली: पाय धुऊन यायचे आणि अनवाणी वावरायचं. अनवाणी पायाचा विद्येला विटाळ नाही, चपलेचा आहे. बायका आपल्या पायाला जुन्या साडीची फडकी गुंडाळायच्या. फडकं तात्यांना चालायचं.

ते स्वतःही अनवाणीच. त्यांचे तळवे टायरसारखे झाले होते. खिळा रुतला तर उभ्या उभ्या उपटून काढायचे आणि बोलणं पुढे चालू. स्वतःच्या तळव्याच्या मापाने त्यांनी वीस बायकांचे पाय मोजले.

मालकांना हे सगळं फार आवडायचं. पाहुणे आले की त्यांना मुद्दाम यार्डाच्या दाराशी आणायचे, चपलांच्या रांगेचे फोटो काढायला लावायचे. "आमच्याकडे कागदाला देव मानतात." मानतात ना! आणि बूट घ्यावे लागत नाहीत.

गावच्या रद्दीत फार तर टाचणी, वहीची पिन. तोवर हे निभत होतं. मग परदेशी गठ्ठे यायला लागले. कंटेनरमधून, दाबून दाबून विटेसारखे केलेले. वरून स्वच्छ पुठ्ठा, फोडलं की आतून पोरांचे वापरलेले लंगोट, पेयांचे डबे, फुटक्या बाटल्या आणि सुया. इंजेक्शनच्या. त्या लोकांनी आपल्या घरातला उकिरडा कागद म्हणून आम्हाला विकला आणि आम्ही तो पाय धुऊन, अनवाणी, नमस्कार करून निवडत होतो. हौसाबाईने एकदा नाकाला पदर लावून एक लंगोट काठीने उचलला.

"तात्या, ह्यात कंची विद्या हाय?"

"त्यो टाक बाजूला. खालचा कागद बग. छापील हाय."

"इंग्रजी हाय. तुमाला तरी वाचता येतंय का?"

"न्हाय येत. म्हणून काय झालं? इंग्रजी बी विद्याच की."

मी गमबुटांची पहिली चिठ्ठी लिहिली ती या गठ्ठ्यांनंतर. वीस जोड. यार्डाची वस्तू, म्हणून यार्डप्रमुखाची सही हवी. आठ दिवसांनी तात्या ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले.

"बाई, हे काय? विद्येवर बूट घालून नाचायचं?"

"नाचायला नाही तात्या. उभं राहायला."

त्यांनी पाय वर करून तळवा दाखवला. "माझ्या पायाला कदी काय झालंय का बगा."

"तुमच्यासाठी नाही मागितले. बायकांसाठी मागितलेत."

"त्यांनी मागितले का?"

नव्हते मागितले. बायकांना तात्या आवडायचे. शिवी देत नसत, हात लावत नसत, लघवीला सोडायचे, आजारी असलं तर हजेरी मांडायचे. असा मुकादम मिळाल्यावर बूट कोण मागतो? तात्यांनी चिठ्ठीवर "गरज नाही" लिहिलं, सही केली, कागद कपाळाला लावला आणि मला परत दिला.

हौसाबाईच्या टाचेत काच गेली तेव्हा दुसरी चिठ्ठी लिहिली. "गरज नाही." तिसरी घेऊन मी थेट मॅनेजर साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "तात्यांची सही नसेल तर मी कसं मंजूर करू? यार्डातलं त्यांना जास्त कळतं." नाइलाज सांगताना माणसाचा चेहरा इतका प्रसन्न झालेला मी पाहिला नव्हता. तिसऱ्या चिठ्ठीवर तात्यांनी लिहिलं, "गरज नाही. पुन्हा विचारू नये."

मी पुन्हा विचारलं नाही. तिन्ही चिठ्ठ्या फाइलला लावल्या आणि गप्प बसले. शिवाय त्या यार्डात सामान द्यायला जाताना मीही रोज माझ्या सँडल दाराबाहेर काढत होते. हेही लिहायलाच हवं.

शालन आमच्याकडची सगळ्यात वेगाने हात चालणारी बाई. अंगाने बारीक, तोंडाने तिखट, वयाने माझ्याएवढी. तिला साखरेचा आजार होता. गोळी कधी घ्यायची, कधी विसरायची. एका सकाळी परदेशी गठ्ठा ओढताना सुई तिच्या डाव्या पायाच्या तळव्यात गेली, फडक्यातून आरपार. तिने ती काढली, फेकली. तात्यांनी आपल्या टेबलावरच्या देवापुढची हळद दिली. "दाब जरा. आन् ओढायचं ऱ्हाऊ दे, बसून निवड." म्हणजे त्यांच्या मते दया केली. शालन बसली आणि सुट्टी होईपर्यंत निवडत राहिली. साखरेमुळे पाय बधिर झालेला, म्हणून तिला तो दुखला नाही. दुखला असता तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी पाय घागरीएवढा झाला. इंदापूरच्या डॉक्टरांनी हात लावायला नकार दिला आणि बारामतीला पाठवलं. तिथे आधी अंगठा काढला. मग निम्मं पाऊल.

पुढच्या आठवड्यात मॅनेजर साहेबांनी तात्यांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर अपघाताचा अहवाल होता, टाइप केलेला. खाली यार्डप्रमुखाची सही, साक्षीदार म्हणून माझी. मी वाचला. शेवटची ओळ अशी होती: "सदर महिला कामगाराने पादत्राणे स्वतःहून काढून ठेवली होती, अपघात तिच्या निष्काळजीपणामुळे झाला." ही ओळ राहिली तर दवाखान्याचा खर्च शालनच्या अंगावर, आणि कामही गेलं. निम्म्या पावलाच्या बाईला दुसरीकडे कोण ठेवणार?

तात्यांनी चष्मा लावला. कोणताही कागद ते बोट फिरवत पूर्ण वाचायचे, तसा हाही वाचला. दोनदा वाचला. मला वाटलं, आता हा माणूस उठेल. पोराचा अर्धा मार्क कोणी खाल्ला तर ज्याला घास गोड लागत नाही, तो आता हा कागद साहेबांच्या तोंडावर फेकेल. तात्यांनी पेन काढलं आणि सही केली. मग कागद कपाळाला लावला.

माझ्या आयुष्यात मला इतका राग आलेला नाही.

मी म्हटलं, "मी सही करणार नाही. माझ्याकडे बुटांच्या तीन चिठ्ठ्या आहेत. तिन्हींवर तात्यांचं अक्षर आहे."

"सोमवारपर्यंत विचार करा," म्हणत साहेबांनी अहवाल माझ्याकडे सरकवला, आणि मी तो घेऊन स्टोअरमध्ये आले.

चारच्या चहाला तात्या स्टोअरमध्ये आले. उभेच राहिले.

"बाई, त्या चिठ्ठ्या द्या."

"कशाला?"

"पल्परला टाकतो."

"लिहिलेला कागद पल्परला टाकायच्या आधी तुम्ही वाचता ना? वाचा की. काय लिहिलंय?"

"कशाला गांजता? माजी दोन वर्सं राह्यलीत. साहेब काढून टाकतील. कागदाबिगर मी काय करू?"

"शालन पायाबिगर काय करते ते बघितलं का?"

तात्या चष्मा काढून पुसायला लागले.

"गेला होता का तिच्याकडे?"

"कोणत्या तोंडानं जाऊ?" मग एकदम त्यांचा आवाज चढला. "आन् तुमी? तुमी बी चप्पल काढतच होता की दारात! कोन बोललं होतं का तुमाला? स्टोअरच्या बाईला मी काय सक्ती करनार हुतो?"

खरं होतं. मी म्हटलं, "हो. मी काढत होते. ते मी लिहून देणार आहे. चिठ्ठ्या तुम्हाला हव्यात ना? उद्या शालनकडे चला. तिला या तिन्ही चिठ्ठ्या आणि तो अहवाल वाचून दाखवा. ती म्हणाली टाका, तर मी स्वतः पल्परमध्ये टाकते."

मला वाटलं, येणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी ते माझ्या स्कूटीवर मागे बसून आले.

शालनची वस्ती कॅनॉलच्या कडेला. ती अंगणात बाजेवर बसली होती, पाय उशीवर. हौसाबाईही आलेली होती, भाकरी घेऊन. तात्या अंगणाच्या कडेला थबकले.

"या की तात्या," शालन म्हणाली. "हितं विद्या न्हाय, चप्पल घालून या."

ते अनवाणीच होते. खाली बसले. मी कागद दिले. त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या, तारखेसकट. "गरज नाही. गरज नाही. गरज नाही, पुन्हा विचारू नये." आवाज नीट होता. मग अहवाल घेतला. बोट फिरवत वाचत गेले, आणि शेवटच्या ओळीच्या आधी थांबून कागदाची घडी घातली.

"एक ओळ राहिली," मी म्हटलं.

"झालं की."

"राहिली तात्या."

हौसाबाई म्हणाली, "वाचा की. आमचं कुटं डोळं हायती वाचायला? तुमीच वाचत आलाय आमाला."

त्यांनी घडी उलगडली आणि ती ओळ वाचली. शालनने उशीवरचा पाय सरळ केला.

"व्हय, मीच काढली," ती म्हणाली. "माझ्याच हातानं. कुनी सांगितलं म्हणून काढली ते हाय का त्यात?"

"न्हाय."

"मग लिवा. लिवायला येतंय न्हवं तुमाला?"

तात्यांनी पेन काढलं. अहवालाच्या खाली, आपल्या सहीच्या पुढे, त्या सुरेख अक्षरात लिहिलं: "यार्डात चपला बाहेर काढण्याची पद्धत होती." आणि पेन खिशाला लावलं.

पद्धत होती! कोणाची? आभाळातून पडली होती? शालनला मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बास. यवढं बी त्यांच्या हातून लई झालं." ती म्हणू शकते. पाय तिचा होता. मी म्हणणार नाही. "मी सांगितलं" हे दोन शब्द लिहायला त्या माणसाला काय लागत होतं? त्याने जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं वाचली, पोराटोरांचे मार्क दुरुस्त केले, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ती ओळ पद्धतीच्या नावावर टाकली.

पण तेवढ्याने काम झालं, हेही खरं. ती ओळ, तीन चिठ्ठ्या आणि मी लिहून दिलेलं एक पान, एवढं टेबलावर आल्यावर साहेबांनी अहवाल नव्याने टाइप करून घेतला. दवाखान्याचा खर्च कंपनीने केला. शालनला पट्ट्याजवळ खुर्चीवरचं काम ठेवलं. बूटही आले. यार्डात ते घालून जायला बायकाच आधी तयार होईनात. दारात घुटमळायच्या, तात्यांकडे बघायच्या. तात्या तोंड फिरवून गठ्ठ्यात हात घालायचे. घाला, म्हणाले नाहीत. घालू नका, असंही म्हणाले नाहीत. शेवटी हौसाबाई "मी म्हातारी हाय, मला पाप लागायला दिस कमी हायत" म्हणत बूट घालून ढिगावर चढली आणि तिच्यामागून बाकीच्या.

तात्यांना कोणी काढलं नाही. दोन वर्षं पूर्ण करून ते मानाने निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. मालकांनी लग्नपत्रिकांचा किस्सा सांगितला, सगळे हसले. मी चहाचे कप मोजायला म्हणून बाहेर आले. हल्ली ते बारामतीत असतात. रस्त्यात भेटले तर मी विचारपूस करते, तेही करतात. त्यापलीकडे आम्हाला बोलायला काही नाही.

शालन चार महिन्यांनी कामावर आली तेव्हा बुटांचा जोड घ्यायला स्टोअरमध्ये आली. मी म्हटलं, "डावा तुला कसा बसणार? वेगळा करून घेऊ."

"द्या तर खरं," ती म्हणाली.

यार्डात जाऊन ती खुर्चीवर बसली. उजवा बूट चढवला. डाव्यात पाऊल घातलं तर पुढे निम्मा बूट पोकळ. तिने पाय बाहेर काढला, समोरच्या ढिगातून हाताला येईल तो कागद उपसला, कोणाची तरी वही होती, पानं टरटरा फाडली, चुरगाळली आणि बुटाच्या टोकात कोंबली. घट्ट होईपर्यंत कोंबत राहिली. मग पाय घातला, उभी राहिली आणि सगळा भार देऊन दोनदा आपटून बघितला.

"बसला," म्हणाली. "सोडा पट्टा."